रहस्यकथाकाराची मजुरी कोण ठरविणार?

मराठी साहित्यव्यवहाराची चर्चा निघते तेव्हा रहस्यकथा, भयकथा, साहसकथा लिहिणाऱ्यांना पंक्तीबाहेर बसविण्याची आपली जुनी रीत आहे. त्यांची पुस्तके वाचली जातात, पण त्यांच्यावर बोलले जात नाही. संमेलनाच्या मांडवात त्यांना क्वचितच जागा मिळते, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तर मिळतच नाही. प्रस्तुत लेखक आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथखरेदी समितीवर अनेक वर्षे काम करीत आहे. त्या यादीत कधी एखाद्या रहस्यकथेची शिफारस केल्याचे त्यालाही स्मरत नाही. तेव्हा पुढील विवेचन हे इतरांइतकेच स्वतःवरही केलेले दोषारोपण आहे, असे समजावयास हरकत नाही.

हा विषय सुचण्याचे कारण एक माजी विद्यार्थी. बीड जिल्ह्यातून आलेला हा तरुण चाकण परिसरातील एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. खराबवाडीत चौघांत मिळून एक खोली घेऊन तो राहतो. कंपनीच्या बसमध्ये, पाळी सुटल्यावर, सुटीच्या दिवशी तो मोबाइलवर भयकथांच्या मालिका लिहितो आणि एका वाचन-ॲपवर भागाभागाने प्रसिद्ध करतो. त्याला वाचक आहेत, आणि ते थोडे नाहीत. एके काळी या लेखनातून खोलीचे भाडे निघून धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठीही काही उरत असे. मग एका महिन्यात मोबदल्याचे नियम बदलले. विनामूल्य वाचावयाच्या भागांची संख्या वाढली, लेखकाच्या वाट्याची रीत बदलली, आणि वाचक तेवढेच असताना उत्पन्न निम्म्यावर आले. त्याने विचारणा केली, तेव्हा सर्वांना जाते तेच छापील उत्तर त्यालाही आले. गेल्या दिवाळीत तो भेटावयास आला असता एक वाक्य बोलून गेला, "सर, कंपनीत नगाचा दर आधी सांगतात, मग काम सुरू होते. इथे काम आधी, दर मागून."

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विचार करावयास लावणारे हे वाक्य आहे.

एकरकमी मोबदल्याचे युग

या प्रश्नाकडे पाहताना, पूर्वी सारे चांगले होते आणि यंत्राने ते बिघडविले, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. मराठी रहस्यकथेचा सुवर्णकाळ हा वाचकाचा सुवर्णकाळ होता; लेखकाचा होता असे म्हणवत नाही. बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईकांनीही बाराशेच्या आसपास पुस्तके लिहिली. २०२१ साली ते निवर्तले. त्यांचे उतारवय आजारपणात आणि आर्थिक ओढाताणीत गेले. ज्याची पुस्तके एसटी स्थानकापासून गावोगावच्या वाचनालयापर्यंत हातोहात फिरली, त्याच्या वाट्याला हे यावे, याचे कारण व्यक्तीच्या नशिबात शोधण्याऐवजी मोबदल्याच्या पद्धतीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

ती पद्धत सर्वश्रुत आहे. हस्तलिखित द्यावयाचे, एकरकमी पैसे घ्यावयाचे, आणि पुढे त्या पुस्तकाच्या कितीही आवृत्त्या निघाल्या तरी त्यांकडे पाहावयाचे नाही. प्रती फिरत त्या प्रामुख्याने भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून. वाचनालय एक प्रत विकत घेई, ती पन्नास-शंभर जण वाचत, आणि भाड्याचा एक पैसाही लेखकापर्यंत पोहोचत नसे. अशा व्यवस्थेत उत्पन्न वाढविण्याचा लेखकापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अधिक पुस्तके लिहिणे. हजार आणि बाराशे हे आकडे आपण कौतुकाने सांगतो. त्या कौतुकाला हरकत नाही. पण त्यांपैकी कितीतरी पुस्तके प्रतिभेच्या उमाळ्याने जितकी लिहिली गेली तितकीच महिन्याच्या खर्चापायी लिहिली गेली असतील, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. लेखनाचे मोल पुष्कळदा लेखकाच्या मागून येते. सुहास शिरवळकर २००३ साली गेले. त्यांच्या 'दुनियादारी'वरील चित्रपट २०१३ साली आला आणि कादंबरीकडे नवी पिढी वळली. नारायण धारप २००८ साली गेले. 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ साली आला आणि भयकथेच्या या अध्वर्यूचे नाव मराठी न वाचणाऱ्यांच्याही कानी पडले. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ज्याने तो हक्क एकरकमी विकून टाकला नाही त्याच्या वारसांना त्याचा उपयोग होतो. विकला त्यांच्या वारसांना केवळ अभिमान बाळगता येतो.

नव्या बाजाराने काय दिले?

या पार्श्वभूमीवर डिजिटल प्रकाशन आले आणि त्याने काही बंद दारे खरोखरच उघडली. प्रतिलिपी हा बंगळूरुचा मंच २०१४ साली सुरू झाला आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांना मोकळा झाला. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तके येऊ लागली. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेलने भारतात पाऊल टाकले आणि मराठी कथा कानांनी ऐकण्याची सवय लागू लागली. ठाणे-मुंबईकडील ई साहित्य प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी तर विनामूल्य ई-पुस्तकांची परंपराच निर्माण केली.

याचा अर्थ पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात राहून अधिक स्पष्ट कळतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर या माळरानावर जे शहर वाढले त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर गेली. हे शहर मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, सोलापूर-सांगलीकडून आलेल्या माणसांचे आहे. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील प्रकाशकाकडे हस्तलिखित घेऊन जाण्याइतका वेळ, ओळख आणि धीर त्यांच्यापैकी किती जणांजवळ असणार? २०१६ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे एकोणनव्वदावे अधिवेशन पिंपरीत भरले. त्या मांडवाला लागून असलेल्या वसाहतींतून कामावर जाणारा एखादा कंत्राटी कामगार कथा लिहीत असेल, ही कल्पनाही तेव्हा आपल्याला शिवली नाही. त्याला लेखक मानले ते मोबाइलने. मुले झोपल्यावर स्वयंपाकघरात बसून मालिका लिहिणाऱ्या गृहिणीलाही त्यानेच लेखिका मानले. हे उपकार लहान नाहीत.

हक्काच्या टक्क्यांतही वरकरणी सुधारणा दिसते. छापील पुस्तकावर लेखकाला साधारणपणे दहा ते पंधरा टक्के मानधन मिळते, तेही हिशेब मिळाला तर. ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशन योजनेत ई-पुस्तकाच्या विक्रीवर पस्तीस किंवा सत्तर टक्के मिळतात. मग तक्रार कशाची?

दर ठरतो कसा?

तक्रार टक्क्यांच्या पलीकडे आहे. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक नव्वद-नव्वद दिवसांच्या मुदतीने केवळ त्याच दुकानात ठेवण्याची अट मान्य करावी लागते. त्यातून ते वर्गणीदारांच्या वाचनालयातही जाते. वर्गणी भरणारा वाचक हवी तितकी पुस्तके वाचतो. अशा पुस्तकांसाठी कंपनी दर महिन्याला एक निधी जाहीर करते आणि वाचलेल्या पानांच्या प्रमाणात तो लेखकांत वाटला जातो. २०१५ च्या जुलैपूर्वी पुस्तक वाचावयास घेतले की मोबदला मिळे. त्या महिन्यापासून तो पानांवर आला. प्रत्येक पानाला किती, हे महिना संपल्याखेरीज कोणालाच कळत नाही.

हा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, निधी एक लाख रुपयांचा आहे आणि महिन्यात सर्व लेखकांची मिळून दहा लाख पाने वाचली गेली. पानाला दहा पैसे पडले. एखाद्या लेखकाची वीस हजार पाने वाचली गेली असतील तर त्याला दोन हजार रुपये मिळाले. पुढील महिन्यात निधी तेवढाच राहिला, पण नवे लेखक आले, नवी पुस्तके आली आणि वाचलेली पाने वीस लाख झाली. आता पानाला पाच पैसे. आपल्या लेखकाची वीस हजार पाने पूर्वीसारखीच वाचली गेली, तरी हाती पडले हजार रुपये. त्याने काही कमी लिहिले नाही, वाईट लिहिले नाही, त्याचा एकही वाचक गेला नाही. तरीही त्याची मजुरी निम्मी झाली.

प्रत्यक्षात निधी कमीअधिक होत असतो, आणि सर्वच मंच याच रीतीने चालतात असे नाही. कोठे भाग उघडण्यासाठी वाचक नाणी खर्च करतो, कोठे ऐकलेल्या वेळेवर हिशेब होतो. परंतु दर ठरविणारा एक आणि तो निमूटपणे स्वीकारणारे हजारो, हे सूत्र बहुतेक ठिकाणी समान आहे. अशा वेळी लेखकाने काय करावे? दुप्पट लिहावे, हे त्याच्यापुरते शहाणपणाचे. पण प्रत्येकाने तोच शहाणपणा केला तर पाने दुप्पट होतात, दर आणखी खाली येतो आणि सारे जिथल्या तिथे राहतात. थकवा तेवढा वाढतो. अर्नाळकर-नाईकांच्या पिढीला एकरकमी मोबदल्याने जे करावयास लावले, तेच या पिढीला पानामागच्या पैशांनी करावयास लावले आहे. हजार पुस्तकांची सक्ती संपलेली नाही, तिचा हिशेबनीस बदलला आहे.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. यंत्राने लिहिलेल्या पुस्तकांचा लोंढा इतका वाढला की, २०२३ च्या सप्टेंबरात ॲमेझॉनला एका लेखकाने एका दिवसात तीनपेक्षा अधिक नवी पुस्तके चढवू नयेत, अशी मर्यादा घालावी लागली. दिवसाला तीन पुस्तके ही जिथे मर्यादा ठरते, तिथे पाळी करून आल्यावर रात्री एक प्रकरण लिहिणाऱ्या माणसाने कोणाशी स्पर्धा करावयाची? आमचा विद्यार्थीही आता यंत्राकडून पाच-पाच भाग लिहून घेण्याच्या विचारात आहे. "वाचकाला कळेल का?" असे त्याने विचारले. वाचकाला कळो वा न कळो, स्वतः लिहिलेले वाक्य आणि लिहून घेतलेले वाक्य यांतील फरक त्याला स्वतःला कळतो, म्हणूनच तो हा प्रश्न विचारावयास आला होता.

पुरवठादाराला जे मिळते ते लेखकाला का नाही?

यावर बाजारवाद्यांचे उत्तर ठरलेले आहे: दर पटत नसेल तर दुसऱ्या मंचावर जावे. या पट्ट्यात राहणाऱ्याला हे उत्तर अपुरे वाटल्यावाचून राहणार नाही. येथे शेकडो लहान कारखाने मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवितात. तेही विक्रेते अनेक आणि खरेदीदार मोजके अशाच बाजारात उभे आहेत. पण त्यांच्या हातात पर्चेस ऑर्डर असते, तिच्यावर दर लिहिलेला असतो, आणि माल दिल्यानंतर दर मागे नेता येत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देणे बंधनकारक केले. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आणि दाद मागण्यासाठी स्वतंत्र परिषद आहे. अंमलबजावणीत त्रुटी असतील; पण दाद कोठे मागावयाची, हे निदान ठाऊक असते.

शिवाय सुटे भाग करणाऱ्याचे यंत्र त्याच्या शेडमध्ये असते. एक ग्राहक तुटला तर दुसऱ्याचे काम त्यावर करता येते. कथाकाराचे भांडवल म्हणजे त्याचा वाचकवर्ग, आणि तो त्याच्या ताब्यात नसतो. कोण आपले वाचते, कोठून वाचते, ही नोंद मंचाजवळ राहते. मंच बदलणे म्हणजे नव्या गावात पुन्हा पहिल्या घरापासून फिरणे.

मंचाला मात्र गाव सोडावयास वेळ लागत नाही. ॲमेझॉनने विकत घेतलेली वेस्टलँड ही मोठी प्रकाशनसंस्था २०२२ च्या फेब्रुवारीत बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि नावाजलेल्या लेखकांनाही आपली पुस्तके आता कोठे मिळणार, अशी विवंचना पडली. पुढे प्रतिलिपीच्या आधाराने ती संस्था नव्याने उभी राहिली, हे त्या लेखकांचे भाग्य. मालिकालेखकाला तसे भाग्य लाभेलच असे नाही. चाकणपासून थोड्या अंतरावर देहू आहे. इंद्रायणीत बुडविलेली गाथा तरली ती लोकांच्या मुखी होती म्हणून, असे आपण श्रद्धेने आणि अभिमानाने सांगतो. ॲपवरील मालिका कोणी पाठ करून ठेवीत नाही. कंपनीने कळ दाबली की ती बुडाली.

काय करता येईल?

जगात या प्रश्नाला तोंड फुटले आहे. चीनमध्ये ऑनलाइन कादंबऱ्यांचा धंदा प्रचंड आहे. तेथील चायना लिटरेचर या कंपनीच्या करारातील अटींविरुद्ध अनेक लेखकांनी ५ मे २०२० रोजी एक दिवस नवा भाग न लिहिण्याचे आवाहन पाळले. नंतर कंपनीने करार बदलून लेखकांना काही पर्याय दिले. जेथे संपाला मोकळीक नाही तेथे कथाकारांनी काम बंद ठेवले. ज्या पट्ट्यात वेतनकराराची भाषा चहाच्या टपरीवर बोलली जाते, तेथील लेखकांना यातून काही शिकता येण्यासारखे आहे. कथाकार एकएकटा लिहितो हे खरे. पण दराची बोलणी एकएकट्याने करावीत, असा काही साहित्याचा नियम नाही.

त्यांच्या मागण्या अवाजवी असण्याचे कारण नाही. दर आधी जाहीर व्हावा. तो बदलावयाचा तर पुरेशी पूर्वसूचना मिळावी आणि नवा दर सूचनेनंतरच्या लेखनालाच लागू व्हावा. वाचनाचा हिशेब पडताळून पाहता यावा. करार मराठीत मिळावा. आणि आपले लेखन काढून घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क प्रत्येक लेखकाला असावा.

कायद्याने काही आधार दिलेलाच आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट सांगितली: करार करताना अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क स्पष्ट उल्लेखावाचून हस्तांतरित होत नाहीत. 'सर्व हक्क, सर्व काळ, सर्व माध्यमे' या शब्दांवर अंगठा ठेवण्यापूर्वी हे ठाऊक असणे आवश्यक आहे. महाविद्यालयांतील मराठी आणि वाणिज्य विभागांनी मिळून असे करार वाचावयास शिकविले तर अभ्यासक्रमाचे काही बिघडणार नाही.

सरकारकडून अपेक्षा तीन. पहिली, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात मंचावरील कामगारांसाठी निधीची तरतूद आहे आणि मंचांच्या अनुसूचीत आशय व माध्यम सेवांचाही उल्लेख आहे. तेव्हा खाद्यपदार्थ पोहोचविणाऱ्याला जे संरक्षण मिळेल ते कथा पोहोचविणाऱ्यालाही मिळेल, हे नियमांत निःसंदिग्धपणे लिहिले जावे. दुसरी, करातील विषमता. छापील पुस्तक वस्तू व सेवा करातून मुक्त आहे. २०१८ च्या जुलैत ई-पुस्तकांवरील कर अठरावरून पाच टक्क्यांवर आणला गेला, पण ज्यांची छापील आवृत्ती आहे त्यांच्यापुरताच. ज्याला छापणारा मिळाला नाही त्याच्या पुस्तकाने अधिक कर सोसावा, हा न्याय उलटा आहे.

तिसरी अपेक्षा ग्रंथालयांविषयी. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचावयास नेले की लेखकाला सरकारी निधीतून अल्प मोबदला मिळतो. २०१८ पासून घरबसल्या घेतलेल्या ई-पुस्तकांनाही तो लागू झाला. लेखकामागे वार्षिक कमाल रक्कम ठरवून दिलेली असल्याने सारा पैसा मूठभर लोकप्रियांकडे जात नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानित ग्रंथालये आहेत. त्यांत सर्वाधिक झिजलेली पुस्तके बहुधा रहस्यकथांचीच असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मराठीवर आपण खर्च करणार असू तर आज रात्री लिहिल्या जाणाऱ्या मराठीचाही विचार व्हावा.

या साऱ्याने प्रत्येक मालिकालेखकाला लेखनावर पोट भरता येईल, असा दावा कोणी करू नये. बहुतेकांना नोकरी करूनच लिहावे लागेल, जसे ते मराठीत आजवर लागत आले. त्यांतील बरेचसे लेखन सामान्य असेल, हेही मान्य. पण सामान्य माल करणाऱ्यालाही ठरलेला दर मिळाला पाहिजे, हे आपण कारखान्यात केव्हाच मान्य केले आहे. गुणवत्तेचा निवाडा वाचक करील. दर ठरविण्याच्या वेळी लेखकाला समोर बसविणे, हे मात्र समाजाचे आणि शासनाचे काम आहे. आमच्या ग्रंथखरेदी समितीची पुढील बैठक जूनमध्ये आहे. तिच्या यादीत या वेळी काही रहस्यकथा असतील, एवढे आश्वासन प्रस्तुत लेखक आपल्या अखत्यारीत देऊ शकतो. उरलेले ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांनी त्याचा विचार करावा.